सरकलेली शिट्टी

धाकट्याच्या लॅपटॉपला दमा आहे, असं वहिनी म्हणायची, आणि ती काही फार खोटं बोलत नव्हती. हल्लीच्या फोनवर घेतलेला व्हिडिओ त्यात टाकला की पंखा घरघरायला लागायचा, चित्र अडखळायचं, चालणाऱ्या माणसानं एक पाय उचलला की तो टेकवायचं नावच घ्यायचा नाही. एडिटिंग म्हणजे नेमक्या जागी कात्री मारायची. आता चित्रच जागेवर येईना, तर कात्री मारायची कुठे, कपाळावर?

यावर धाकट्याचा उपाय ठरलेला होता. आलेली फाईल आधी एका फुकटच्या कन्व्हर्टरमधून काढायची. फोनवाले व्हिडिओ असा दाबून-चेपून भरतात की तो उलगडताना जुन्या मशीनच्या नाकी नऊ येतात. कन्व्हर्टर ती सगळी गाठोडी सोडून, चालायला हलकी अशी प्रत हातात द्यायचा. ती प्रत मग बिनबोभाट पळायची. मूळ फाईल ठेवून काय करायचं? ती नुसती जागा अडवून बसणार. पुसून टाकायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि कधी काही बिघडलं नव्हतं. म्हणजे, बिघडलेलं लक्षात आलं नव्हतं. पण हे नंतरचं शहाणपण झालं, आणि ते काय, सगळ्यांकडेच असतं.

धाकट्याचा सख्खा थोरला भाऊ, दादा, बांधकामावर क्रेनचा शिट्टीवाला होता. क्रेन चालवणारा वर काचेच्या केबिनमध्ये बसतो. भिंतीपलीकडे लोखंडी तुळई कुठे उतरतेय, ते त्याला दिसत नाही. ते खाली उभ्या असलेल्या शिट्टीवाल्याला दिसतं. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे सावकाश उतरव. एक लांब म्हणजे आहे तिथे थांब. त्या एका लांब शिट्टीवर खालच्या माणसांचे हातपाय अवलंबून असतात. दादानं ती शिट्टी इतकी वर्षं सांभाळली आणि कुणाला ओरखडा उठू दिला नाही. घरीसुद्धा सवय जात नसे. चहा हवा असला की त्याच्या तोंडून दोन छोट्या निघायच्या, आणि वहिनी आतून ओरडायची, "मी काय क्रेन आहे का?"

त्या मोठ्या इमारतीची शेवटची तुळई चढणार होती, त्या दिवसाची फिल्म करायची असं कंपनीनं ठरवलं. दादानं छाती पुढे काढून सांगितलं, "माझा भाऊ करतो. त्याच्या डोळ्यांतून माशीसुद्धा सुटत नाही." शूटिंग केलं स्टोअरकीपरनं, आपल्या नव्या कोऱ्या फोनवर. या स्टोअरकीपरला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण एकदा लागला की बंद करायचं बटण सापडायचं नाही. त्यानं विटांच्या थप्पीवर फोन टेकवला, बटण दाबलं आणि सकाळच्या उन्हात तो तसाच सोडून दिला. एक सलग, लांबलचक रेकॉर्डिंग. ते संपता संपता अपघात झाला.

तुळई खांबाला टेकत होती आणि ती जोडायला उभ्या असलेल्या फिटरचा हात मध्ये सापडला. हात वाचला, पण बोटं कायमची गेली.

चौकशी बसली. क्रेनवाला म्हणाला, "लांब शिट्टी ऐकली तसा लिव्हर ओढला. शिट्टीच उशिरा आली." दादा म्हणाला, "मी वेळेवर वाजवली." फिटर बिचारा दवाखान्यात, त्याला काहीच आठवत नव्हतं. एकाचा शब्द आणि दुसऱ्याचा शब्द, त्यात खरं कुणाचं? तेव्हा कंपनीच्या सेफ्टीच्या साहेबांना व्हिडिओची आठवण झाली. त्यांनी धाकट्याला फोन केला.

"ते शूटिंग तुमच्याकडे आहेच ना? तेवढा तुकडा कापून, आवाज जरा साफ करून द्या."

"साहेब, पण मी त्यांचा भाऊ आहे."

"म्हणून तर बरं. तुम्ही त्यांच्याविरुद्ध काही कराल असं कुणी म्हणणार नाही."

धाकट्यानं हलकी प्रत उघडली आणि तो तुकडा शोधला. जवळच जनरेटर चालू होता. त्याच्या घरघरीत माणसांचं बोलणं, ओरडणं, तुळई टेकल्याचा आवाज, सगळं बुडून गेलं होतं. शिट्टी तेवढी त्यातून चिरत येत होती. दादा पाठमोरा उभा होता. तुळई सरकली, खांबाला टेकली, फिटरचं अंग एकदम वाकलं. आणि मग, श्वासभर उशिरानं, लांब शिट्टी.

धाकटा पडद्याजवळ सरकला. त्यानं परत लावून पाहिलं. तेच. परत. तेच. चित्र लोण्यासारखं चाललं होतं, कुठे अडखळत नव्हतं, शंका घ्यायला जागाच नव्हती.

त्याच्या मनात पाप आलं नाही असं नाही. आवाजाची पट्टी जरा डावीकडे सरकवली की काम झालं. शिट्टी आधी, धक्का नंतर. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण धाकट्यानं माऊसवरून हात काढून घेतला. भाऊ झाला म्हणून काय झालं, खोटं करायचं नाही. एक फ्रेमसुद्धा न हलवता त्यानं तुकडा कापला, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या प्रामाणिकपणाचं त्याला थोडं कौतुकही वाटलं. मनातल्या मनात पाठ थोपटून घेणारी माणसं कशी असतात, ते आपल्याला ठाऊक आहेच.

साहेबांना द्यायच्या आधी त्यानं तो दादाला दाखवला. आपल्या माणसाला आधी कळावं, इतकंच. दादा खुर्चीच्या कडेवर बसला, हात गुडघ्यांवर. तुकडा संपला.

"परत लाव," दादा म्हणाला.

धाकट्यानं लावला.

"मला वाटलं होतं, मी वेळेवर वाजवली."

"दादा, मी काही इकडचं तिकडे केलेलं नाही. शपथ."

"अरे, तुझ्यावर कोण संशय घेतंय?" दादा म्हणाला. "तू दाखवतोयस म्हणजे तसंच असणार. माणसाला काय, वाटतं काहीही."

दुसऱ्या दिवसापासून कंपनीनं दादाला घरी बसवलं.

घरी बसलेला माणूस म्हणजे घराला ओझं नसतो, पण त्याला स्वतःला तसं वाटतं. दादा सकाळी लवकर उठून दाढी करायचा आणि मग कुठे जायचं नाही हे आठवून तसाच आरशासमोर उभा राहायचा. शिट्टी दाराआडच्या खिळ्याला लटकत होती. चहाला आता दोन छोट्या निघत नव्हत्या. तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन परक्यासारखा विचारायचा, "चहा मिळेल का?" वहिनीला ते ऐकवत नसे. क्रेन म्हणवून घ्यायला ती आता आनंदानं तयार झाली असती.

आणि संध्याकाळ झाली की तो धाकट्याच्या खोलीत येई.

"तेवढं लाव."

"दादा, कशाला पुन्हा पुन्हा?"

"बघू तर दे, कुठे चुकलो ते."

तो बघायचा. एकदा, दोनदा, कधी कधी जेवण निवेपर्यंत. धाकट्याला त्याच्याकडे बघवायचं नाही, म्हणून तो पडद्याकडे बघायचा. एके संध्याकाळी वहिनी आत आली आणि तिनं लॅपटॉपचं झाकण धाडकन आपटलं. "बस झालं! भाऊजी, तुम्ही तरी पुसून टाका ते. रोज जखमेवरची खपली काढायची, याला काय बघणं म्हणतात?" तिच्यावर कधी न चिडणारा दादा त्या दिवशीही चिडला नाही, आणि वहिनीला तेच जास्त लागलं.

एक दिवस तो फिटरच्या घरी जाऊन आला. त्याचा चांगला हात हातात घेऊन, "माझ्यामुळे झालं, माफ कर," असं म्हणून आला. फिटरनं भिंतीकडे तोंड केलं. हे दादानंच सांगितलं, आणि सांगताना जणू दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं.

वहिनीनं एकदा त्याला दूध बघायला सांगितलं. तो गॅससमोर उभा राहिला, पातेल्यात डोळे घालून. दूध वर आलं, कडेला आलं, उतू जाऊन शेगडीवर चर्र झालं, तरी तो बघतच उभा. वहिनी धावत आली. "अहो, दिसत नव्हतं का?"

"दिसत होतं," दादा म्हणाला. "मला वाटलं, अजून वेळ आहे."

चौकशीचा शेवटचा दिवस ठरला. दादानं घरात सांगून टाकलं की आपण तिथे उभं राहून, चूक माझी, असं बोलणार. "उगाच घोळ कशाला? पडद्यावर दिसतंय सगळं." एकदा तसं बोलला की पुन्हा कुठल्याही साइटवर त्याच्या हातात शिट्टी कुणी देणार नव्हतं. तेही एक वेळ चाललं असतं. पण एका माणसाची बोटं आपण खाल्ली, हे तो मरेपर्यंत उराशी बाळगणार होता, हे घरात सगळ्यांना दिसत होतं.

नेमकं त्याच सकाळी धाकट्यानं कंपनीची ती फिल्म उघडली. कंपनी काय, अपघात गाळून तिला फिल्म हवीच होती. काम जवळजवळ संपलेलं होतं. तुकडे लागलेले, संगीत लागलेलं. शेवटचा हात फिरवून फाईल काढायची तेवढी बाकी होती. दादा बाहेर इस्त्रीचा शर्ट घालत होता. त्याला दुपारी निघायचं होतं.

फिल्ममध्ये एक घणाचा तुकडा होता. तुळई चढायच्या थोडं आधी एक गडी पाचर ठोकत होता, घण खाली येताच ठण्ण. छान तुकडा होता. धाकट्यानं तो लावला त्याला बरेच दिवस झाले होते. आता त्याची नजर त्या तुकड्याच्या कोपऱ्यावर गेली. तिथे एक बारीक लाल आकडा होता.

हा लाल आकडा एडिटिंगवाल्यांना इतका ओळखीचा असतो की तो दिसतच नाही. आवाज आणि चित्र एकमेकांपासून हलवले की सॉफ्टवेअर तो आकडा काढून दाखवतं: बाबा रे, हे तू सरकवलंयस. धाकट्यानं असे कितीतरी आवाज सरकवले होते. घण आधी पडतो आणि ठण्ण नंतर येतं, हे डोळ्याला खुपलं की हात आपोआप पट्टी पकडतो, डावीकडे ढकलतो, पुढे जातो. स्वयंपाक करणारी बाई मीठ घालते तसं. घातलं का, हे नंतर आठवतही नाही.

मग हे मी सरकवलंय, त्याच्या मनात आलं. सरकवलं म्हणजे उशिरा येत होतं. उशिरा का येत होतं?

त्यानं हलकी प्रत सुरुवातीपासून लावली. सुरुवातीला कुणीतरी टाळी वाजवली होती. टाळी आणि आवाज एकदम. ठीक. मधे एकानं लोखंडी नळी जमिनीवर टाकली होती. नळी पडली, आवाज मागून आला, जेमतेम जाणवेल इतका. घणापाशी तोच आवाज श्वासभर मागे. आणि तुळईचा तुकडा घणाच्याही पुढे होता, रेकॉर्डिंगच्या अगदी शेवटी.

आवाज एका जागी चुकलेला नव्हता. तो हळूहळू मागे पडत गेला होता.

मग सगळं उलगडलं. सेकंदाला तीस चित्रं घ्यायची असा फोनचा नियम, पण फोन काही त्याला बांधलेला नसतो. ऊन लागलं, तापला, की एखादं चित्र गाळतो. त्याचं त्याला ठाऊक असतं, म्हणून तो स्वतः दाखवताना ती रिकामी जागा धरून बरोबर दाखवतो. पण धाकट्याच्या फुकटच्या कन्व्हर्टरला ते कुठून कळणार? त्यानं आली ती सगळी चित्रं एकामागे एक, सारख्या अंतरावर ओळीनं मांडली. गाळलेल्यांच्या जागा बुजल्या, आणि चित्र आवाजाच्या पुढे पळत सुटलं. आवाज होता तिथेच होता. सकाळभर उन्हात तापलेला तो फोन शेवटी शेवटी किती चित्रं गिळत होता, कुणास ठाऊक.

शिट्टी उशिरा आलीच नव्हती. धक्का लवकर आला होता. आणि तो त्यानंच आणला होता.

घणाचा आवाज त्यानं विचार न करता सरकवला होता. शिट्टीचा मात्र विचार करून, प्रामाणिकपणे, जागच्या जागी ठेवला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही, आणि फाशीचा दोर वळणारा सख्खा भाऊ.

मूळ फाईल? ती तर त्यानं कधीच पुसली होती. जागा खात होती ना!

तो चपला अडकवून धावत सुटला. मागून वहिनी ओरडली, "भाऊजी, अहो, कुठे?" तो थांबला नाही. साइटवर रेडिओ आपल्या स्टोअरच्या दारात बसून कुणाला तरी आपल्या गुडघेदुखीची हकिगत सांगत होता.

"तुमच्या फोनवर तो व्हिडिओ आहे का? तुळईचा? पुसलात का?"

"पुसतोय कसला," रेडिओ म्हणाला. "मला पुसताच येत नाही. फोन रोज कुरकुरतो, जागा नाही म्हणून, मी म्हटलं कुरकुर बाबा, घरात बायको कुरकुरते तिला कुठे पुसता येतं? नातीचं रांगणं आहे त्यात, मेव्हण्याची विहीर आहे, आणि हे बघ, गेल्या आठवड्यात..."

"काका, फोन द्या!"

रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा वाक्याच्या मध्यावर थांबला आणि फोन दिला.

धाकट्यानं पट्टी शेवटाकडे ओढली. जनरेटरची घरघर. दादाची पाठ. तुळई सरकत होती. लांब शिट्टी चिरत आली, स्पष्ट, सणसणीत. तुळई थांबायला हवी होती. ती थांबली नाही. ती तशीच सरकत राहिली, खांबाला टेकली, आणि फिटर वाकला.

धाकट्याला रडू कोसळलं. रेडिओला काही कळलं नाही, पण त्यानं पाण्याची बाटली पुढे केली आणि पाठीवर हात ठेवून तो गप्प उभा राहिला.

सेफ्टीच्या साहेबांनी फोनवरचा व्हिडिओ पाहिला, मग आपल्याकडचा तुकडा पाहिला, मग परत फोन.

"मग एवढे दिवस आम्ही बघत होतो ते काय होतं?"

"माझी प्रत, साहेब," धाकटा म्हणाला. "चूक माझी आहे. माझ्या कन्व्हर्टरची, आणि मी मूळ पुसलं त्याची. दादाची नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाळावरून हात फिरवला आणि क्रेन खोलायला सांगितली. ब्रेक झिजलेला निघाला. क्रेनवाला खोटं बोलला नव्हता, त्यानं लिव्हर ओढला होता. लिव्हर ओढूनही क्रेन श्वासभर सरकत राहिली होती. त्यालाही वाटलं, शिट्टीच उशिरा झाली असणार. कुणी खोटं बोललं नव्हतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. साहेबांनी दादाला निरोप दिला: सोमवारपासून कामावर या.

रेडिओचा फोन मागून घेऊन धाकटा घरी आला तेव्हा दादा इस्त्रीच्या शर्टात तयार होऊन बसला होता. वहिनी दारात. धाकट्यानं सगळं एका दमात सांगितलं, अर्धं वहिनीला कळलं, अर्धं नाही, पण "दादाची चूक नव्हती" एवढं ऐकताच तिनं पदर तोंडाला लावला. धाकट्यानं दादासमोर फोन धरला. शिट्टी. मग धक्का.

"परत लाव," दादा म्हणाला.

त्यानं लावला. पुन्हा लावला. दादाच्या चेहऱ्यावर हसू उगवेल म्हणून धाकटा वाट बघत होता, आणि ते काही उगवेना.

"हे खरं?" दादानं विचारलं.

"हे खरं. मूळ हेच."

"मग मला का उशिरा आठवते रे?" दादा म्हणाला. तो रागावलेला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "डोळे मिटले की दिसतं. तुळई टेकते, तो वाकतो, मग माझ्या तोंडात शिट्टी येते. ओठाला तिचं लोखंडसुद्धा लागतं, मागाहून."

"ते तू माझ्या पडद्यावर बघितलंस, दादा."

"असेल. पण आता माझ्याकडे दुसरं काही नाहीये."

फोनवरचं पुसलं गेलं नव्हतं, हे धाकट्याचं नशीब. दादाच्या डोक्यातलं मूळ मात्र गेलं होतं. रोज संध्याकाळी, धाकट्याच्याच खोलीत, धाकट्याच्याच हातानं.

दादा उठला. त्यानं खिळ्यावरची शिट्टी काढली, शर्टाला पुसली. "सोमवारी खाली माणसं असणार," तो म्हणाला. "मला बघायला हवं. वर गॅलरीत जा, बादलीला दोर बांध."

मागच्या अंगणात त्यानं खडूनं भिंतीवर एक रेघ ओढली. धाकट्यानं वरून बादली सोडायची, बादली रेघेला आली की दादानं लांब शिट्टी द्यायची. समोरच्या कठड्यावर धाकट्याचा फोन टेकवला, चालू करून. धाकट्यानं दोर सैल सोडला. बादली हलत हलत खाली आली. रेघेपाशी आली. दादाचे डोळे तिच्यावर होते, शिट्टी ओठांत होती. बादली रेघेखाली गेली, फरशीवर टेकली, कलंडली. मग शिट्टी आली.

"झाली का वेळेवर?" दादानं वर बघून विचारलं. त्याला खरोखर माहीत नव्हतं.

"थांब," धाकटा जिना उतरत म्हणाला. "फोनवर बारीक दिसतं. लॅपटॉपवर मोठं करून दाखवतो."

खोलीत येऊन त्यानं तो तुकडा, कन्व्हर्टरमधून न काढता, मूळचा तसाच लॅपटॉपवर घेतला. पंखा घरघरला. मागे दाराशी दादा येऊन उभा राहतोय, चपला काढतोय, हे त्याला ऐकू येत होतं. हातानं मनाला विचारलं नाही. त्यानं आवाजाची पट्टी पकडली आणि डावीकडे सरकवली. शिट्टी बरोब्बर रेघेवर येऊन बसली. कोपऱ्यात लाल आकडा उमटला. दादाला त्या आकड्याचा अर्थ कुठे ठाऊक होता? एवढं दाखवलं असतं, तर आज रात्री तो माणूस झोपला असता.

आणि सोमवारी हीच उशिराची शिट्टी घेऊन तुळईखाली उभा राहिला असता.

धाकट्यानं पट्टी परत जागेवर आणली. लाल आकडा गेला. दादा खुर्चीच्या कडेवर बसला, हात गुडघ्यांवर, आणि धाकट्यानं तुकडा लावला. बादली रेघेखाली गेली, टेकली, कलंडली. मग शिट्टी.

"बघ," दादा खालच्या आवाजात म्हणाला. "म्हणालो नव्हतो?"

"आज झाला उशीर," धाकटा म्हणाला. "त्या दिवशी झाला नव्हता. त्या दिवशी तू बिनचूक होतास, दादा. हा आजचा उशीर तुझा नाही. हा मी दिलाय तुला."

दादा पडद्याकडे बघत राहिला. धाकट्याला वाटलं, आता तो परत लाव म्हणणार. पण दादानं हात पुढे करून लॅपटॉपचं झाकण स्वतःच मिटलं आणि शिट्टी घेऊन उठला. दारापाशी जाऊन त्यानं मागे वळून पाहिलं.

"चल," तो म्हणाला. "बादली वर घे."